अणुवीज केंद्रातल्या कामगाराला धोरणाबद्दल कोण विचारतं?

प्रश्न असा आला आहे: "माझा धाकटा भाऊ अणुवीज केंद्रात ठेकेदाराकडे फिटर आहे. सरकार म्हणतं २०४७ पर्यंत १०० गिगावॉट. हे ठरवताना तिथे काम करणाऱ्यांना कुणी विचारतं का? आणि विचारलं तरी ते आपल्या नोकरीच्याच बाजूने बोलणार. मग त्यांच्या बोलण्याला किंमत काय?"

मी तीस वर्षांहून जास्त काळ अणुवीज केंद्रात हेल्थ फिजिक्समध्ये काढली. किरणोत्सारापासून माणसांना सांभाळणारा हा विभाग. आत कोण जाईल, काय घालून जाईल, किती मिनिटं थांबेल, बाहेर येताना किती डोस घेऊन येईल, हे आम्ही बघायचो. माझं केंद्र कुठलं ते लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कुठल्याही केंद्रात घडू शकलं असतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. नाही, विचारत नाहीत. पगार, बोनस, क्वार्टर, कँटीन यांवर युनियनशी बोलणी होतात. सुरक्षेसाठी समिती असते. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात ४१-जी हे कलम आलं आणि धोक्याच्या उद्योगात कामगारांना सुरक्षा समितीत जागा मिळाली. पण अणुभट्ट्या किती बांधायच्या, कुठल्या जातीच्या, शटडाउन (दुरुस्तीसाठी भट्टी बंद ठेवायचा काळ) किती दिवसांचा, कायम माणसं किती आणि ठेक्यावर किती, हे वरून ठरून खाली परिपत्रकात येतं. खालून वर जायला वाट केलेलीच नाही. वाट नसली की काय होतं ते एका शटडाउनवरून सांगतो.

आमच्याकडे एका बंद खोलीतल्या व्हॉल्व्हचं पॅकिंग बदलायचं होतं. खोलीच्या हवेत जड पाण्याची वाफ, आणि तिच्यात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. त्यामुळे आत जायचं तर नळीने हवा येणारा प्लास्टिकचा सूट घालूनच. व्हॉल्व्हच्या शेजारून एक पाइप जायचा आणि त्याच्या वळणावर हॉट स्पॉट होता. म्हणजे त्या एका जागी किरणोत्सारी गाळ साचून मीटरचा काटा उडायचा. परांची अशी बांधली होती की काम करणाऱ्याची छाती बरोबर त्या वळणासमोर यायची. पहिल्या पाळीत एक जण जाऊन आला. बाहेर आल्यावर मी त्याच्या खिशातला पेनासारखा डोसमापक उजेडाकडे धरून वाचला, आणि त्या दिवसापुरतं त्याचं आतलं काम थांबवलं.

दुसऱ्या पाळीत जो फिटर आला तो आजूबाजूच्या पाड्यातला, ठेकेदाराचा माणूस. त्याने दारातूनच आत बघितलं आणि म्हणाला, "साहेब, परांची पलीकडच्या भिंतीला बांधायला सांगा. मला तो व्हॉल्व्ह दिसायची गरज नाही, हाताला कळतो. फक्त लांब दांड्याचा पाना द्या." आम्ही परांची हलवली, वळणावर शिशाची ब्लँकेटं टाकली. तो आत गेला, काम पुरं करून आला. त्याचा आकडा आधीच्या माणसाच्या निम्म्याहून कमी भरला, आणि आधीच्याचं तर काम अर्धंच झालं होतं.

मी वहीत नोंद केली, रिपोर्टातही एक ओळ घातली. दोन वर्षांनी पुढच्या मोठ्या शटडाउनला त्याच खोलीच्या दारात उभा राहिलो तर परांची पुन्हा जुन्या जागी. ड्रॉइंग बदललंच नव्हतं. ठेका बदलला होता, तो फिटर दुसऱ्या ठेकेदाराबरोबर दुसऱ्या गावी गेला होता, आणि माझी ती ओळ कुठल्या फायलीत बसून राहिली ते मला शोधूनही सापडलं नाही. त्या दिवशी नव्या माणसाच्या अंगावर जो डोस गेला तो टाळता येण्यासारखा होता. ती बोच अजून गेलेली नाही.

यात ऊर्जा धोरण कुठे आलं, असं तुम्ही विचाराल. केंद्र वर्षातले किती दिवस चालतं यावर त्याची कामगिरी मोजली जाते. म्हणून शटडाउन लवकर आटपावा असा आग्रह वरपासून खालपर्यंत झिरपतो. शटडाउन लांबला तर उपकरणांतला किरणोत्सार थोडा उतरतो, परांची नीट बांधायला आणि आधी कोऱ्या पाइपवर तालीम करायला वेळ मिळतो. दिवस कापले की तेच काम जास्त माणसांवर वाटावं लागतं. आपल्याकडे किरणोत्साराचं काम करणाऱ्या माणसाला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्टची (हे डोस मोजायचं एकक) मर्यादा आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. एकेका माणसाचा आकडा मर्यादेत ठेवायला माणसं वाढवली की कागदावर सगळं नियमात बसतं. पण सगळ्यांचा मिळून डोस किती झाला, हा वेगळा हिशेब आहे आणि खरी गोष्ट त्यातून कळते. दिल्लीत ठरलेला शटडाउनचा दिवस आमच्याकडे माणसांच्या टीएलडी बॅजवर, म्हणजे डोस नोंदवणाऱ्या बिल्ल्यावर, उमटतो. म्हणून मी म्हणतो, ज्यांच्या छातीवर तो बॅज आहे त्यांना त्या दिवसाबद्दल विचारा.

तमिळनाडूतल्या कल्पाक्कमची २००३ सालची गोष्ट या संदर्भात सगळ्यांनी माहीत करून घ्यायला हवी. तिथे वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. २१ जानेवारीला कमी किरणोत्सारी कचऱ्याचा म्हणून एका टाकीतून नमुना काढला गेला. प्रत्यक्षात एक व्हॉल्व्ह निकामी होऊन त्या टाकीत तीव्र किरणोत्सारी द्रव शिरला होता. टाकीजवळ ते सांगणारा मॉनिटर नव्हता. सहा जणांना मर्यादेच्या कितीतरी पट डोस मिळाला. त्यानंतर कर्मचारी संघटनेने व्यवस्थापनाला पत्र लिहून सुरक्षेच्या मागण्या केल्या, त्यात पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी नेमण्याची मागणी होती. पुढे काम बंद ठेवण्यापर्यंत वेळ आली. बाहेरच्या जगाला हे कळलं ते काही महिन्यांनी, आणि तेव्हा देशातल्या अणुउद्योगातला किरणोत्साराच्या संपर्काचा हा सगळ्यात वाईट प्रसंग असल्याचं वरिष्ठांनीही मान्य केलं. कामगारांनी काय मागितलं होतं ते बघा. सुरक्षा, आणि ती बघायला पूर्णवेळ अधिकारी. नवा प्रकल्प उभारताना त्यात कुठे काय मोजायचं हा धोरणाचा आणि पैशाचा प्रश्न असतो. तो पैसा मंजूर होताना टाकीजवळ उभा राहणारा माणूस त्या खोलीत असता, तर मॉनिटर यादीतून सुटला असता असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्राची. ३१ मार्च १९९३, पहाटे साडेतीनच्या सुमारास टर्बाइनची दोन पाती तुटली, हायड्रोजन गळला, आग लागली आणि केबल जळत गेल्या. केंद्रातली वीज गेली ती सुमारे सतरा तास. पाळीवरच्या ऑपरेटरांनी भट्टी तात्काळ बंद केली होती. पण बंद भट्टीतही उष्णता निघत राहते, तिला थंड ठेवावंच लागतं. धुरामुळे कंट्रोल रूम सोडावी लागली. अंधारात बॅटऱ्या घेऊन माणसं इमारतीत वर चढली आणि हाताने व्हॉल्व्ह उघडून भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून बोरॉनचं द्रावण आत सोडलं. आग विझवायचे डिझेल पंप लावून बॉयलरना पाणी दिलं. किरणोत्सार बाहेर गेला नाही. ही माणसं त्या पहाटे कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे नकाशात शोधत बसली नव्हती. रोजच्या फेऱ्यांनी त्यांना ती इमारत पाठ होती.

आता हे आजच्या चर्चेला लावून बघा. २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० गिगावॉटचं, म्हणजे एक लाख मेगावॉटचं लक्ष्य आलं, छोट्या अणुभट्ट्यांसाठी २०,००० कोटींची मोहीम आली, २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच छोट्या भट्ट्या चालू करायचं ठरलं. आज देशात नऊ हजार मेगावॉटच्या जवळपास अणुवीज क्षमता आहे. म्हणजे बावीस वर्षांत अकरा पट. मी अणुविजेचा विरोधक नाही, उलट कोळशाचा धूर कमी व्हायचा तर ही वीज लागेल असं माझं ठाम मत आहे. पण अकरा पट भट्ट्या म्हणजे पाळीवर उभी राहणारी, इमारत पाठ असलेली माणसं किती पट, याचं उत्तर मी कुठल्याही भाषणात ऐकलं नाही. चांगला ऑपरेटर तयार व्हायला सिमेंट सुकण्याइतका वेळ पुरत नाही, वर्षं लागतात. दर मेगावॉटमागे माणसं कमी करणं हा छोट्या भट्ट्यांच्या हिशेबातला मोठा मुद्दा असणार. पाळीवर किमान किती जण हवेत हे ठरताना नरोऱ्यासारखी रात्र डोळ्यांपुढे असलेला माणूस तिथे बसलेला हवा.

कायद्याचं बोलायचं तर १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यात माहिती उघड करण्यावर कडक बंधनं होती. त्यातली काही गरजेचीच होती. पण त्या बंधनांची सावली एवढी लांब पडली की परांचीच्या जागेबद्दल बाहेर बोलायलाही माणसं कचरायची. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' हा नवा कायदा केला. १९६२ चा कायदा आणि अपघातात भरपाई कुणी द्यायची हे ठरवणारा २०१० चा दायित्व कायदा जाऊन हा एकच कायदा आला, खासगी कंपन्यांना परवाना मिळायची वाट खुली झाली, अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्याचा आधार मिळाला. हा आधार मिळाला ही चांगली गोष्ट झाली. १९८३ साली मंडळ स्थापन झाल्यापासून ही उणीव होती, आणि २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनीही त्यावर बोट ठेवलं होतं. पण विधेयक १५ डिसेंबरला लोकसभेत मांडलं गेलं, १७ ला तिथे आणि १८ ला राज्यसभेत मंजूर झालं. विरोधकांनी ते समितीकडे पाठवा म्हटलं होतं. कुठल्या बाजूने मत द्यायचं हा राजकारणाचा भाग, त्यात मी पडत नाही. माझं दुःख वेगळं आहे. संसदेची समिती साक्षी घेते, निवेदनं मागवते. पाळीवरच्या माणसाला देशाच्या अणुधोरणाबद्दल अधिकृतपणे चार शब्द लिहून देता येतील अशी ती एकमेव जागा होती, आणि ती चार दिवसांत हातची गेली.

कामगाराला विचारा ही काही मेहेरबानीची मागणी नाही. उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा असं आपल्या राज्यघटनेचं ४३-क हे कलम सांगतं, ते १९७६ च्या दुरुस्तीने आलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा किरणोत्सारापासून संरक्षणाचा ११५ क्रमांकाचा करार १९६० चा आहे, भारताने तो १९७५ मध्ये स्वीकारला. त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की, कराराची अंमलबजावणी करताना सरकारी यंत्रणेने मालक आणि कामगार या दोघांच्याही प्रतिनिधींशी सल्लामसलत करावी. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत हे कलम मला एकाही प्रशिक्षणात कुणी दाखवलं नाही. निवृत्तीनंतर स्वतः वाचलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हे लोक स्वतःच्या पोटाच्याच बाजूने बोलणार ना?

हो, पोट आहेच. ते लपवू नये, आणि बोलताना आधी सांगून टाकावं. पण धोरण ठरवायला टेबलाशी बसणाऱ्या इतरांनाही काहीतरी विकायचं किंवा मिळवायचं असतं. भट्टी विकणाऱ्या परदेशी कंपनीला असतं, सिमेंट-पोलादवाल्याला असतं, लक्ष्य जाहीर केलेल्या खात्यालाही असतं. त्यांचं म्हणणं आपण तज्ज्ञांचं मत म्हणून ऐकतो, मग फिटरचंच तेवढं स्वार्थ म्हणून का सोडून द्यायचं?

पण पोटामुळे जी खरी अडचण येते ती याहून खोल आहे. ठेक्यावरच्या माणसाचा डोस मर्यादेला टेकला की त्याचं आतलं काम थांबतं, आणि बाहेर काम नसलं तर मजुरीही थांबते. फुकुशिमात डिसेंबर २०११ मध्ये एका उपकंत्राटदाराने आपल्या माणसांना डोसमापकावर शिशाची पट्टी चढवायला लावली होती, आकडा कमी दिसावा म्हणून. पुढच्या वर्षी ते उघड झालं. मी ती बातमी वाचली तेव्हा मला आमच्या गेटवरचा एक चेहरा आठवला. शटडाउनच्या तिसऱ्या आठवड्यात एक जण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला होता, "साहेब, माझा आकडा जरा थांबवता येतो का? अजून पंधरा दिवस भरले तर घराचे पत्रे होतील." त्याला किरणोत्सार कळत नव्हता असं नाही. त्याला दोन्ही हिशेब कळत होते. त्याचं काम मी थांबवलं, थांबवावंच लागलं. पण डोस भरला म्हणून कुणाची मजुरी बुडणार नाही, बाहेरचं काम किंवा उरलेल्या दिवसांचा पगार मिळेल, असा नियम असता तर त्याला माझ्याकडे येऊन असं विचारावं लागलं नसतं. आणि हा नियम अमलात आणायला ठेक्याची किंमत वाढते, विजेच्या दरात ती धरावी लागते. म्हणजे हा पुन्हा धोरणाचाच प्रश्न झाला. तो सुचायला तो चेहरा बघितलेला असावा लागतो.

बाहेर हे कसं करतात त्याचं एक उदाहरण मला फार शिकवून गेलं. कॅलिफोर्नियात डायब्लो कॅन्यन नावाचं दोन भट्ट्यांचं केंद्र आहे. २०१६ मध्ये ते परवाना संपल्यावर, म्हणजे २०२४-२५ मध्ये बंद करायचं ठरलं. ठरवताना टेबलाशी वीज कंपनी होती, पर्यावरणवादी संघटना होत्या, आणि वीज कामगारांची युनियनही होती. त्या संयुक्त प्रस्तावात माणसं शेवटपर्यंत टिकावीत म्हणून भत्ता आणि पुढच्या कामाचं प्रशिक्षण लिहून घेतलं गेलं. राज्याच्या नियामक आयोगाने जानेवारी २०१८ मध्ये ती रक्कम कापली, तर त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून ३५ कोटी डॉलर पूर्ण मिळवून दिले. आणि पुढे २०२२ मध्ये राज्याला विजेची ओढाताण दिसली, निर्णय फिरला, केंद्र २०३० पर्यंत चालू ठेवायचं ठरलं. अनुभवी माणसं तोवर पांगली असती तर हे एवढं सोपं गेलं नसतं असं मला या धंद्यातला माणूस म्हणून वाटतं. फ्रान्समध्ये प्रत्येक अणुकेंद्राभोवती एक स्थानिक माहिती समिती असते. २००६ च्या कायद्याने तिला पक्कं रूप मिळालं, आणि तीत लोकप्रतिनिधी, पर्यावरण संघटना यांच्याबरोबर कामगार संघटनांनाही जागा आहे. गावकरी आणि कामगार एकाच खोलीत बसून केंद्राच्या प्रमुखाला प्रश्न विचारतात.

हे आपल्याकडे असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात जैतापूरच्या वेळी सारखा येत होता. माडबनला ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प, सहा फ्रेंच भट्ट्या. एका बाजूला शासन आणि कंपनी, दुसऱ्या बाजूला गावकरी आणि मच्छीमार. २०११ च्या एप्रिलमध्ये गोळीबारात एक जीव गेला. तारापूरला १९६९ पासून वीज तयार होते. तिथे आयुष्य घालवलेली कितीतरी मराठी माणसं, ऑपरेटर, वेल्डर, हेल्थ फिजिक्सवाले, या राज्यात आहेत. समुद्रात सोडलेल्या पाण्याचं काय होतं, मासळीचे नमुने कसे तपासतात, शटडाउनला बाहेरून किती माणसं येतात, गावातल्या किती जणांना कायम नोकरी मिळते आणि कितींना फक्त गेटपास, हे सगळं त्यांना ठाऊक. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. प्रकल्पग्रस्त आणि कामगार कधीकधी एकाच घरात राहतात. असा माणूस माडबनला जाऊन मोकळेपणाने, वरिष्ठांच्या परवानगीची चिंता न करता, चांगलं आणि वाईट दोन्ही बोलला असता, तर गावकऱ्यांनी होकार दिला असता असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या हातात खरी माहिती असती.

माझी स्वतःची मागणी फार लांबलचक नाही. नियामक मंडळाच्या सल्लागार समित्यांत पाळीवर काम केलेल्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींना जागा हवी, आणि त्यांतला निदान एक ठेक्यावरचा हवा, कारण शटडाउनचा मोठा भार तेच उचलतात आणि युनियनमध्ये त्यांना सहसा कुणी धरत नाही. सुरक्षेबद्दल तक्रार करणाऱ्याची बदली किंवा गेटपास रद्द होणार नाही असं कायद्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं हवं. खासगी कंपन्या येणार आहेत, त्यामुळे हे आत्ताच व्हायला हवं, पहिला परवाना दिल्यानंतर नव्हे. आणि कामगाराने दिलेल्या सूचनेचं काय झालं याचं लेखी उत्तर ठरलेल्या दिवसांत मिळायला हवं. हे शेवटचं लोकांना किरकोळ वाटतं. मला ते सगळ्यात मोठं वाटतं, त्या परांचीमुळे.

तुमच्या भावासाठी दोन कामाच्या गोष्टी. आपल्या डोसचा आकडा त्याने प्रत्येक वेळी मागून स्वतःच्या वहीत लिहावा, तारीख आणि कामाच्या जागेसकट. ठेकेदार बदलला, गाव बदललं तरी वही त्याच्याकडे राहील. नोंदीची प्रत मागायला संकोच करू नये, आकडा त्याच्या शरीराचा आहे. दुसरं, केंद्रातल्या सुरक्षा समितीवर कामगारांकडून कोण आहे ते नाव शोधून काढावं आणि काम सोपं किंवा कमी डोसचं करायची युक्ती सुचली तर त्या माणसाकडे लेखी द्यावी, तारीख घालून, पोच घेऊन. मराठीत लिहिली तरी चालेल. नव्या कायद्याखालचे मसुदा नियम हरकती-सूचनांसाठी कधी प्रसिद्ध होतात त्यावर तुम्ही घरातली शिकलेली माणसं लक्ष ठेवा आणि तो वहीत जे लिहितो त्यातलं जे सगळ्यांना लागू पडेल ते त्याच्या नावाने पाठवा. त्याला आपलं नाव द्यायची भीती वाटत असेल तर गावातल्या निवृत्त माणसाच्या नावाने पाठवा. आमच्यासारखे बरेच जण आता घरी आहेत. सही करायला आम्ही येऊ.